चढण्याआधी उतरायची वाट

गप्पा म्हणजे वेळ घालवणे, असे आपण पांढरपेशी माणसे धरून चालतो. बँकेच्या नोकरीत तर गप्पांना फारच वाईट नाव. काउंटरमागे दोन कारकून बोलताना दिसले की रांगेतला माणूस घड्याळाकडे पाहू लागायचा. पण गप्पा थांबल्या की काळजात धस्स व्हावे, असेही एक काम आहे. ते म्हणजे झाडावर चढून फांद्या तोडण्याचे.

एप्रिल संपत आला की आमच्या मनीषनगरात ही माणसे दिसू लागतात. वर्धा रोडवरून रेल्वेचे रूळ ओलांडले की आमची वस्ती सुरू होते. एकेकाळी इथे शेते होती, मग बंगले आले आणि आता बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत. तरीही कडुनिंब, करंज, गुलमोहर, आंबा, जांभूळ अशी झाडे अजून आहेत. पावसाळ्याआधी त्यांच्या वाकड्यातिकड्या फांद्या काढायच्या असतात. त्यासाठी बेसा, बुटीबोरी, हिंगणा या बाजूच्या खेड्यांतून चार-पाच जणांच्या टोळ्या येतात. सोबत दोर, कोयता, कुऱ्हाड, हातकरवत आणि भाकरीचे गाठोडे. नागपूरचा मे महिना वाचकांना सांगायला नको. नवतपा जवळ आलेला असतो, म्हणून काम पहाटे साडेपाचला सुरू होते आणि दहाच्या आत आटोपते.

सेवानिवृत्तीनंतर सकाळी फिरायला जायची मला सवय लागली आणि या टोळ्यांच्या झाडाखाली थांबण्याचीही. आधी मला वाटायचे, ही मंडळी करमणूक म्हणून बोलतात. वर चढलेला माणूस बोलतो, खालचा उत्तर देतो. कुणाच्या पोरीचे लग्न, कुणाची गाय व्याली, सरकीचा भाव काय, सारे चाललेले. मधूनच एखादे कामाचे वाक्य येते आणि पुन्हा लग्नाची गोष्ट पुढे चालू होते.

"पोट्टे हो, त्या डाव्या फांदीवर पाय नोको देऊ. पोकळ हाय ते."

"कशावरून म्हनता जी?"

"पाय, तिच्या बगलेत मुंगळे आत-बाहेर करून राह्यले. आत लाकूड असतं तं मुंगळे कायले राह्यले असते?"

"हाव. मंग त्या पोरीकडच्यायनं काय म्हनलं?"

एकदा न राहवून मी फांद्या गोळा करणाऱ्या बाईंना विचारले, "वहिनी, इतक्या उंचावर असताना हे लोक इतके बोलतात कसे? लक्ष विचलित होत नाही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, बोलते तवरी तो बरा हाय. चूप झाला का मी वर पायतो. उन्हानं डोळ्यापुढं अंधारी येते, मानूस सांगत नाई, चूप होते फक्त."

त्या एका वाक्याने माझा साऱ्या गप्पांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. कमरेला बांधलेला दोर एक आणि हा आवाजाचा दोर दुसरा. पहिला कधी कधी नसतो, दुसरा मात्र नेहमी असतो.

या गप्पांमध्ये अख्खा अभ्यासक्रम दडलेला आहे. तो कुठे छापलेला नाही. पहिला धडा आहे झाडाच्या स्वभावाचा. चिंचेचे लाकूड चिवट. फांदी वाकते, पण सहसा दगा देत नाही. जांभूळ दिसायला दणकट, पण फांदी कडकन मोडते. शेवगा तर चढण्याच्या लायकीचाच नाही, त्याचे काम शिडी लावून करावे. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ, म्हणून वादळात आधी तोच आडवा होतो. पावसाने भिजलेल्या खोडावर चढू नये, साल हाताला पक्की वाटते पण पायाखाली घसरते. वाळलेली फांदी आणि पानगळ झालेली फांदी यांत फरक करायचा तर नखाने साल खरवडून पाहायची. खाली हिरवे दिसले तर ती जिवंत आहे.

दुसरा धडा उतरण्याचा. या मंडळींचा मुकादम म्हणजे साठी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस. नव्या पोराला झाडाखाली उभे करून तो नेहमी एकच वाक्य सांगतो, "पयले उतराची वाट पाय, मंग चढ." इथे 'पाय' म्हणजे 'पाहा'. पोरगा झाडाभोवती एक फेरी मारतो. मधमाश्यांचे पोळे आहे का, तांबड्या मुंग्यांचे घरटे आहे का, विजेची तार कुठून जाते, फांदी पडेल तेव्हा खाली काय येईल आणि गडबड झाली तर कुठल्या बाजूने उतरायचे, हे सारे पाहूनच पहिला पाय वर पडतो. खर्रा खिशात असला तरी झाडावर तोंडात टाकायचा नाही, हाही त्याचा नियम. नागपुरी माणसाला खर्रा सोडायला लावणे ही काही साधी गोष्ट नव्हे!

तिसरा धडा कापण्याचा. जाड फांदी वरून एकदम कापली तर ती निम्म्यात मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून बुंध्यापासून हातभर लांब, आधी खालच्या बाजूने खाच घ्यायची, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. वजन खाली गेले की उरलेले ठूठ शेवटी काढायचे. तेही खोडाला अगदी चिकटून नाही. फांदी जिथून फुटते तिथे मानेसारखा एक फुगवटा असतो. तो राखला तर झाड आपली जखम आपणच भरून काढते, तो कापला तर तिथून पाणी आणि बुरशी आत शिरते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिले आहे. मुकादमाने ते पुस्तक पाहिलेले नाही. पण झाडाची मान कापायची नसते, हे त्याला बापाने सांगितले होते.

आपल्याकडे लोकांना झाडाचे मुंडण करून घ्यायची फार हौस. "सगळा शेंडाच उडवून टाक, पुन्हा दोन वर्षे बघायला नको," असे मालक सांगतो. मुकादम सांगून पाहतो की, मुंडण केलेल्या झाडाला झुपकेच्या झुपके फुटतात, त्या कोवळ्या फांद्यांची पकड वरवरची असते आणि पुढच्या वादळात त्याच गाडीवर पडतात. मालक ऐकत नाही. कारण सल्ला देणाऱ्याच्या हातात कोयता असतो, पदवी नसते.

एवढे सारे हे लोक शिकले कुठे? याचे उत्तर मनीषनगरात नाही. त्यासाठी काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि तिकडे अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, मोर्शीपर्यंत जायला हवे. माझ्या नोकरीची काही वर्षे त्या संत्र्याच्या पट्ट्यात गेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी, १९८५ साली, लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र नागपुरात सुरू झाले. आज ती केंद्रीय संस्था म्हणून ओळखली जाते. पण संत्र्याच्या प्रत्येक झाडामागे एक मजूर असतो आणि त्याचा कुठल्या मानांकनात उल्लेख नसतो. तो म्हणजे डोळा भरणारा.

वरुड तालुक्यातले शेंदुरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या रोपवाटिकांत हिवाळ्यात ही माणसे दिवसभर उकिडवी बसून काम करतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जंबेरीच्या रोपावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाकूने इंग्रजी 'टी'सारखी खाच घ्यायची. चांगल्या मातृवृक्षाच्या काडीवरचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, खाचेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा उलटा बसला तर सारे फुकट. तिथेही बोलणे चालूच असते. बोलता बोलता जुना माणूस नव्याच्या हाताकडे पाहत असतो. "चाकू पुसला का बे?" हा प्रश्न तर दर थोड्या वेळाने कानावर येतो. रोगट झाडाचा चाकू निरोगी झाडाला लागला की रोगही लागतो, म्हणून हा प्रश्न.

बागेत झाड मोठे झाले की दुसरे काम येते, सल काढण्याचे. सल म्हणजे वाळलेल्या काड्या आणि फांद्या. त्या नुसत्या मोडून चालत नाही, बोटभर हिरवा भाग सोबत घेऊन कापाव्या लागतात, कारण रोग वाळलेल्या भागाच्या पुढे सरकलेला असतो. मग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचे नाही. मलम तयार झाले की त्यात विळ्याचे स्वच्छ पाते थोडा वेळ बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. ही परीक्षा मला एका अंगठाबहाद्दर मजुराने दाखवली होती. रसायनशास्त्राचा पदवीधर असलेला आमचा कृषी अधिकारी शेजारी उभा होता. तोही मान डोलावत म्हणाला, "बरोबर आहे."

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हे सारे ज्ञान ज्याच्या हातात आहे, तो माणूस पडला तर काय?

२०१५ साली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आली, तेव्हा मी अशाच एका ग्रामीण शाखेत होतो. वर्षाला बारा रुपये, म्हणजे महिन्याला एक रुपया. अठरा ते सत्तर वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा त्याला पूर्ण अपंगत्व आले तर दोन लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. जून २०२२ पासून हा हप्ता वर्षाला वीस रुपये झाला आहे. जनधनची खाती नुकतीच उघडली होती. आम्ही गावोगाव फिरून अर्ज भरून घेतले. झाडावर काम करणाऱ्यांची एक टोळी शाखेत आली, त्यांना मी नियम वाचून दाखवले. त्या नियमांत एक ओळ होती, ती ऐकून टोळीतले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सर्पदंश, झाडावरून पडणे अशा प्रसंगी रुग्णालयाची तातडीची नोंद पुरावा म्हणून लागेल, असे तिथे लिहिले होते. सरकारी कागदात 'झाडावरून पडणे' हे शब्द! आपले मरण कुणीतरी आधीच लिहून ठेवले आहे, अशा नजरेने ते त्या कागदाकडे पाहत होते. मग एक जण हळूच म्हणाला, "म्हंजे आमचा इचार केला म्हना जी."

पुढच्या दोन-तीन वर्षांत माझ्या टेबलावर दोन फायली आल्या. दोन्ही माणसे चिंचा पाडताना पडलेली, दोघेही गेलेले. पहिल्याच्या सोबत्यांनी त्याला थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते. ज्याचे झाड होते तो मालक विनवत होता की, "चक्कर आली म्हणून सांगा, पोलिसांचे लफडे नको." सोबत्यांतल्या एकाने ऐकले नाही. डॉक्टरांपुढे उभा राहून त्याने केसपेपरवर 'चिंचेच्या झाडावरून पडून' असे लिहून घेतले. त्या विधवेला दोन लाख रुपये मिळाले. दुसऱ्या गावातल्या माणसाच्या केसपेपरवर मात्र 'घरी चक्कर येऊन पडला' असे होते. तिथे मालकाचे ऐकले गेले होते. ते प्रकरण विमा कंपनीकडून परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. त्याची बायको लहान मुलाला घेऊन शाखेत यायची आणि विचारायची, "साहेब, तो झाडावरूनच पडला जी. साऱ्या गावाले मालूम हाय. कागदाले कसं मालूम नाई?"

त्या प्रश्नाला बँकेच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नव्हते.

पण झाडावरच्या गप्पांनी ते उत्तर शोधले. पुढच्या हंगामात काटोलच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी स्वतःच्या कानांनी ऐकले. एक म्हातारा नव्या पोराला सांगत होता, "दोर पाय, फांदी पाय, तार पाय. अन् कोनी पडला तं पयले दवाखाना, अन् कागदावर 'झाडावरून पडला' हेच लिहून घे. मालक काईबी म्हनो." विम्याचा नियम दोर आणि फांदीच्या रांगेत जाऊन बसला होता. आम्ही वाटलेली पत्रके एव्हाना चुलीत गेली असतील, पण टपरीवरचे ते वाक्य या गावातून त्या गावात चालत गेले.

शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा योजना आहे, तिच्यातही दोन लाखांचे साहाय्य मिळते. परंतु ती सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, जो दुसऱ्याच्या झाडावर चढतो, त्याला वर्षाच्या वीस रुपयांचाच आधार. केरळमध्ये नारळावर चढणारी माणसे कमी पडू लागली, तेव्हा २०११ साली नारळ विकास मंडळाने तरुणांना चढण्याच्या यंत्राचे प्रशिक्षण दिले, त्यांना 'नारळाच्या झाडाचे मित्र' असे नाव दिले आणि विम्याचीही सोय केली. बायकाही त्यात शिकल्या. गोव्यात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात, त्याला निदान व्यवसायाचे नाव तरी आहे. आमच्या विदर्भातल्या या माणसाला आपण काय म्हणतो? "तो झाडवाला आला का?" बस्स, एवढेच.

अलीकडे या गप्पांवर एक नवे संकट आले आहे. पेट्रोलवर चालणारी करवत आली. तासाभराचे काम दहा मिनिटांत होते, यात वाद नाही. पण तिच्या आवाजात वरच्याचे खाली ऐकू येत नाही आणि खालच्याचे वर. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत एक तरुण टोळी आली होती. वरच्या मुलाच्या हातात यंत्र, खालच्याच्या कानात मोबाइलच्या वायरी. वरून फांदी सुटली ती खालच्यापासून जेमतेम दोन हातांवर पडली. आमच्या जुन्या मुकादमाने यावर आपला तोडगा काढला आहे. दर फांदीनंतर यंत्र बंद. खालून हाक, वरून ओ, मगच पुन्हा सुरू. गळ्यात एक शिट्टीही बांधली आहे. पोरे कुरकुरतात, पण ऐकतात.

वाचक म्हणतील, यात आम्ही काय करायचे? पुष्कळ काही. झाडाच्या कामात मालकाचे शब्दही फार महत्त्वाचे असतात. "लाइन बंद करायला वेळ लागेल, असेच उरकून टाका," हे एक वाक्य जीव घेऊ शकते. ओली फांदी तारेला टेकली की तिच्यातून वीज येते, म्हणून महावितरणला कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री करणे हे काम आपले आहे, मजुराचे नव्हे. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महानगरपालिकेची परवानगी लागते, तोही कागद मालकानेच आणायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते, त्यांच्याकडे तर फार जपून पाहायला हवे. फांदीवर पिल्ले असलेले घरटे दिसले आणि मुकादम म्हणाला, "हे पंधरा दिवसांनी तोडू," तर त्याच्याशी वाद घालू नये.

बुंध्याभोवती गट्टू बसवताना हातभर जागा मोकळी सोडावी. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. वरून सिमेंट आणि खाली तोडलेली मुळे अशा झाडावर चढताना अनुभवी माणूसही दोनदा विचार करतो. वादळात ते झाड पडले की आपण झाडाला दोष देतो.

आणि भावाची घासाघीस. चारशे रुपयांसाठी आपण अर्धा तास हुज्जत घालतो. मग टोळीतला एक माणूस कमी होतो. कमी होतो तो बहुधा खालचा, म्हणजे वर पाहणारा, हाक मारणारा. आपल्याला वाटते, तो तर नुसताच उभा होता. बोलत होता.

या वर्षी तुमच्या अंगणात ही मंडळी येतील, तेव्हा त्यांना गार पाणी द्या, सावली द्या आणि त्यांचे बोलणे चालू राहू द्या. शिवाय एक गोष्ट आवर्जून विचारा. सुरक्षा विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, आणि नेमके तेव्हाच हे लोक आपल्या झाडांवर असतात. खात्यात वीस रुपये नसतील तर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर विमा संपतो. तेव्हा मजुरी चुकती करताना एवढेच विचारा, "बाबा, खात्यात वीस रुपये आहेत ना?" नसतील तर वरचे वीस तुम्ही द्या आणि बँकेत जायची आठवण करा. त्यांच्या गप्पांत आपल्याकडून एवढी एक ओळ गेली तरी पुष्कळ झाले.